दुपट्यावरचा शिक्का

स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. झोपलेलं बाळ दचकलं. त्याचे दोन्ही हात हवेत उडाले आणि मग आपणहूनच हळूहळू खाली आले. मी पळत जाऊन झाकण काढलं. आत लंगोट उकळत होते. सकाळपासूनची ही तिसरी उकळी.

टिचकी स्टुलावर पाय हलवत बसली होती. टिचकी म्हणजे माझी थोरली, वय पाच. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून माझ्या बाबांनी हे नाव ठेवलं. आता शाळेतल्या बाईही हजेरीला तेच नाव घेतात.

"आई, झाले का शिजून?"

"लंगोट शिजत नाहीत गं, उकळतात."

"बटाटे असते तर एव्हाना लगदा झाला असता."

खरं होतं. हे लंगोट मी नवऱ्याच्या जुन्या चादरीतून फाडून शिवलेत. पांढरेशुभ्र आहेत, त्यांच्यावर साधा ठिपका नाही. तरी मी ते तीनदा उकळते. शेजारीण म्हणते, बाळंतपणात हिच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असेल. ज्यांच्या डोक्यावर तो व्हायला हवा होता ते मात्र ठणठणीत आहेत. इस्त्रीचे कपडे घालून रोज वेळेवर कामावर येतात.

माझे बाबा रंगाच्या कारखान्यात कामाला. तीस वर्षं झाली. कोळसा भाजून गॅस काढला की मागे काळंकुट्ट डांबर उरतं. पूर्वी म्हणे ते नदीत सोडून द्यायचे. मग कुणाला तरी कळलं की त्या डांबराच्या पोटात रंग आहेत. बाबा टिचकीला हे सांगायला लागले की थांबत नाहीत. "तुझा लाल फ्रॉक डांबरातला. दौतीतली शाई डांबरातली. बुटाचं पॉलिश, गोळीवरचा गुलाबी रंग, आणि डोकं दुखलं की तुझी आई घेते ती गोळीसुद्धा डांबरातली." टिचकीला वाटतं, आजोबा जादूगार आहेत. आजोबांची नखं काही केल्या पांढरी होत नाहीत, हा तिच्या मते त्याचाच पुरावा.

डांबर आणि रंग यांच्या मधे एक तेल असतं. त्याचं नाव अॅनिलीन, पण कारखान्याच्या शेडमधली माणसं नुसतं तेल म्हणतात. ते कातडीतून आत जातं. जळजळत नाही, खाजत नाही, काहीच कळत नाही. तासा-दोन तासांत ओठ निळे पडतात. शेडमध्ये त्याला "नीळ चढली" म्हणतात. गंमत अशी की ज्याला चढते त्याला पत्ता नसतो. उलट त्याला जरा बरंच वाटत असतं, तो विनोद करत असतो. म्हणून तिथे प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला असतो. काम करता करता त्याचे ओठ बघत राहायचं. निळसर दिसले की काही विचारायचं नाही, हाताला धरून ओढत बाहेर न्यायचं, अंगावरचं सगळं उतरवायचं आणि नळाखाली उभं करायचं. बाबांनी असे सात जण ओढलेत. त्यांना स्वतःला दोनदा ओढलंय.

तीस वर्षांत ही सवय त्यांच्या डोळ्यांत मुरली. कुणीही समोर आलं की आधी ओठ बघतात, मग डोळे. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबा तब्बल पाच मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला वाटलं, हा माणूस मी सिगारेट ओढतो का ते तपासतोय. खरंच ओढायचा, त्यामुळे घामाघूम झाला. शेवटी बाबा म्हणाले, "ओठ चांगले आहेत मुलाचे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तो घरी गेल्यावर मी बाबांना सुनावलं की यापुढे माझ्या माणसांसमोर हे असलं चालणार नाही. कारखान्यातलं कारखान्यात ठेवा.

ते हसले. म्हणाले, "बरं."

बाळाच्या वेळी मी मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. वॉर्डात दोन्ही बाजूंना सहा-सहा खाटा, प्रत्येक खाटेच्या पायाशी लोखंडी पाळणा. दारावर एक पाटी होती. ती मला अजून तोंडपाठ आहे. "रुग्णालयाची दुपटी व लंगोट घरी नेणे ही चोरी आहे. मातांनी लाज बाळगावी."

नुकती बाळंत झालेली बाई, टाके घातलेले, धड उभं राहता येत नाही, आणि तिला रोज उठल्यापासून ही पाटी वाचायला लागायची. मोठ्या सिस्टर फेरीला आल्या की आधी कपडे मोजायच्या, मग मुलं. एकदा एक लंगोट कमी भरला तर त्यांनी अकराव्या खाटेवरच्या बाईची उशी उचलून बघितली. लंगोट सापडला तिच्याच मुलाच्या बुडाखाली. सिस्टरांच्या चेहऱ्यावरची घडी काही मोडली नाही.

माझ्या शेजारची खाट खिडकीजवळ होती. त्या खाटेवरची मुलगी, मी तिला खिडकीवालीच म्हणायचे, जेमतेम वीस वर्षांची. पहिलटकरीण. तिचा मुलगा सोमवारी जन्मला, दिवस भरायच्या जरा आधीच. माझा बुधवारी. दोघींच्या गप्पा जुळल्या. तिचा नवरा छत्र्या दुरुस्त करायचा. ती म्हणायची, "ताई, आमच्याकडे शंभर छत्र्या आहेत आणि एकही आमची नाही." बोलताना तिचा एक हात सतत पाळण्यात असायचा.

गुरुवारी नवे कपडे आले. गठ्ठाच्या गठ्ठा. करकरीत नवी दुपटी, नवे लंगोट, आणि प्रत्येकाच्या मधोमध हाताच्या पंज्याएवढा गोल शिक्का, जांभळट काळा. वर रुग्णालयाचं नाव, खाली "चोरी करू नये". कोपऱ्यात नाही, मधोमध, कारण कोपरा कापून टाकता येतो. एवढा विचार त्यांनी केला होता. कापडाला एक उग्र गोडसर वास होता. नव्या कापडाचा असेल असं म्हणून मी सोडून दिलं. बाबांच्या डब्याच्या पिशवीला, त्यांच्या टोपीला लहानपणापासून तोच वास होता, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

प्रत्येकीला चार-चार मिळाली. शुक्रवारी खिडकीवाली म्हणाली, "ताई, हा जरा मलूल वाटतो ना? दूधही ओढत नाही." मी वाकून बघितलं. पोर करड्या रंगाचं दिसत होतं. नखं गारठल्यासारखी. तिची खाट खिडकीपाशी, फटीतून वारा यायचा. मी म्हटलं, "गारठलंय गं ते. घट्ट गुंडाळ." आणि माझ्या वाट्याची दोन नवी दुपटी मी तिला दिली. माझ्याकडे टिचकीच्या वेळचं एक जुनं होतं, माझं भागत होतं.

शनिवारी सकाळी तिचं बाळ गेलं.

मोठे डॉक्टर पाच मिनिटांसाठी आले. कागदावर "जन्मजात हृदयदोष" लिहिलं. मग पडद्याआड तिला काहीतरी समजावत होते. मला फक्त "तुमच्या रक्तातच" एवढे शब्द ऐकू आले. दुपारी तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. सिस्टरांनी तिच्या पाळण्यातली दुपटी मोजून घेतली. सहा भरली. चारच्या जागी सहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यातली दोन माझ्या पाळण्यावर टाकून गेल्या. माझं जुनं दुपटं आणि उरलेली दोन नवी, सगळीच तोवर ओली झाली होती. मी तीच दोन वापरली.

रविवारी सकाळी माझ्या बाळाने दूध सोडलं. नखांची मुळं निळी. हाक मारली तर डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. मोठे डॉक्टर आले. छातीला नळी लावली, भुवया जुळवल्या, आणि बाळाकडे न बघता मला प्रश्न विचारायला लागले. दिवस असताना काय खाल्लं? कसली पूड, काढा? नवरा नात्यातला आहे का? तुमच्या घरात कुणी हृदयाने गेलंय? मी म्हटलं, माझी आई गेली ती तापाने गेली. ते म्हणाले, "असं तुम्हाला सांगितलं असेल." मग सिस्टरांना म्हणाले, "हाही हृदयाचाच. संध्याकाळपर्यंत बघू."

संध्याकाळपर्यंत काय बघायचं, ते मला कळलं. खिडकीजवळची खाट मोकळीच होती.

भेटीची वेळ दुपारची. बाबा आले. बाळ चार दिवसांचं होईपर्यंत ते का आले नाहीत, तर त्यांचा एक नेम आहे. कारखान्याच्या अंगाने नव्या बाळाजवळ जायचं नाही. सुट्टीचा दिवस येऊ द्यायचा, दोनदा अंघोळ करायची, कपाटातले न घातलेले कपडे घालायचे, मग जायचं. टिचकीच्या वेळीही त्यांनी असंच केलं होतं. टिचकीचं बोट धरून, केसांतून पाणी निथळत असे ते आले, आणि आल्या आल्या त्यांनी पाळण्यात बघितलं.

त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"ह्याला इथे तेल कुणी लावलं?"

"कसलं तेल बाबा? त्याच्या हृदयाला..."

"हृदय गेलं खड्ड्यात. ओठ बघ. हे शेडमधले ओठ आहेत." त्यांनी दुपट्याचा कोपरा उचलून नाकाशी धरला, मग शिक्क्यावर अंगठा घासला. अंगठा जांभळा झाला. "कधीचं आहे हे? धुतलं होतं?"

"नवं आहे."

"उतरव. सगळं उतरव. आत्ताच्या आत्ता."

मी सगळं सोडलं. बाळाच्या कमरेवर, बरोबर मधोमध, शिक्क्याची उलटी गोल छाप उमटली होती. बाबांनी सवयीने आपल्या सदऱ्याची बटणं काढायला घेतली आणि दुसऱ्या बटणावर थांबले. "माझा नको. कितीही धुतला तरी माझा नको. तुझं काहीतरी दे." मी पिशवीतून माझा जुना सुती झगा काढला. बाबांनी तांब्यातल्या कोमट पाण्याने आणि साबणाने बाळाचं अंग तीनदा धुतलं, आणि झग्यात गुंडाळलं. हे सगळं चाललं असताना मोठ्या सिस्टर येऊन उभ्या.

"हे काय चाललंय? आजारी मुलाला उघडं करता? आणि पुरुषांनी काचेच्या पलीकडे थांबायचं असतं."

"सिस्टर, मला बाहेर काढायचं तर काढा. पण आधी वॉर्डातल्या सगळ्या पोरांच्या अंगावरून हे कापड काढा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"मी रंगाचा कामगार आहे."

सिस्टर हसल्या. ते हसणं मी विसरणार नाही. मेले तरी विसरणार नाही.

आवाज ऐकून एक डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, शिकाऊच असाव्यात. माझ्या नशिबाने त्यांना ऐकून घ्यायची सवय होती. बाबांनी त्यांना शेडमधली परीक्षा सांगितली. टिपकागदावर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि हवेत धरायचा. हृदयाचं दुखणं असेल तर काळपट थेंब हवेने लाल होतो. तेलाचं असेल तर तपकिरीच राहतो. "शेजारी चांगल्या माणसाचा थेंब ठेवा, म्हणजे फरक कळतो."

त्यांनी बाळाच्या टाचेला सुई टोचली. बाळ रडलंसुद्धा नाही. माझ्या बोटाला टोचली. मग बाबांनी आपला अंगठा पुढे केला, "माझाही घ्या, म्हणजे चांगल्या माणसाचे दोन होतील." एका टिपकागदावर ओळीने तीन थेंब पडले. आम्ही बघत राहिलो. माझा थेंब लालभडक. बाळाचा काळ्या चहासारखा तपकिरी, हवेत कितीही धरला तरी तसाच. आणि बाबांचा, त्या दोघांच्या मधला कुठलातरी. लाल म्हणवेना, तपकिरी म्हणवेना. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी बोट खिशात घातलं.

"रविवारी बरा असतो तसा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई पळतच गेल्या आणि एक इंजेक्शन घेऊन आल्या. आतलं औषध गडद निळं. मी घाबरले. बाबा म्हणाले, "घाबरू नकोस. आमच्या दवाखान्यात हेच देतात. हेही डांबरातलंच, आमच्याच घराण्यातलं. घराण्यात एखादा शहाणा निघतो."

तासाभराने बाळाच्या ओठांच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. दोन तासांनी ते इतकं रडलं की टिचकीने कानांवर हात ठेवले. मी ते रडणं पोट भरून ऐकलं. लघवी दोन दिवस निळी होत होती, टिचकी ती बघायला पुन्हा पुन्हा लंगोट उघडायची आणि येईल त्याला दाखवायची.

वॉर्डातली सगळी मुलं त्याच संध्याकाळी उघडी केली. आणखी दोघांची नखं निळसर निघाली. ती दोघंही वाचली. शिक्क्याचे कपडे गोळा होऊन खाली गेले. मोजले की नाही ते माहीत नाही.

सोमवारी धोबीखान्यातली मावशी माझ्या खाटेपाशी आली. तिच्या हातातली पिशवी बघून कळलं की तिला कामावरून काढलंय. म्हणाली, "न उकळता कपडे वर पाठवले म्हणून माझ्यावर ढकललंय. बाई, वीस वर्षं मी शिक्का मारला की आधी उकळतच आले. पण नवीन शिक्का उकळला की फिका पडायचा. वरून हुकूम आला, फिका नको, वाचता आला पाहिजे. पहिली उकळी बंद करा. मी म्हटलं, शाई अंगाला लागेल. तर म्हणाले, शाईने कोणी मेलंय का?"

आम्ही दोघींनी खिडकीकडे बघितलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी कारकुनाने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "हृदयदोषाची शंका. उपचाराने आराम." खाली आईची सही. मी म्हटलं, हे खोटं आहे. कारकून म्हणाला, छापील नमुना आहे. मी म्हटलं, "हृदयदोष छापील आहे?" तो मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. ते माझ्याशी अगदी गोड बोलले.

"बाई, तुमचं बाळ हातात आहे ना? मग?"

त्या "मग"ने माझ्या अंगाची लाही झाली. माझा आवाज चढला, दूध उतरून अंगावरचे कपडे भिजले, तरी मी बोलत राहिले. "माझं हातात आहे. खिडकीपाशी होतं ते कुठे आहे? तिच्या कागदावर काय लिहिलंय? ते कधी बदलणार?"

"त्या केसचा इथे संबंध नाही."

"त्याच गठ्ठ्यातली दुपटी होती."

"हे कोणी सिद्ध केलंय? एका कामगाराने?"

बाबा मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातली. तीस वर्षांत सात माणसं ओढून काढलेला माणूस. मी कारकुनाच्या हातातली लेखणी घेतली, छापील ओळीवर काट मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "न धुतलेल्या शिक्क्याच्या शाईने विषबाधा." खाली सही केली.

"असं लिहिता येत नाही," कारकून म्हणाला.

"लिहिलं की."

दारात पहारेकऱ्याने माझी पिशवी जमिनीवर उपसून बघितली. नियमच होता, कोणी लंगोट चोरून नेत नाही ना. माझे मळके कपडे, बाळाचं झबलं, सगळं रस्त्यावर. बाबा झग्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उभे होते. म्हणाले, "बाबा रे, तुमचं एक चिंधुक पालखीतून पाठवलंत तरी आम्ही दारात घेणार नाही."

एक चोरी मात्र मी केली. ज्या टिपकागदावर ते तीन थेंब होते तो मी झबल्याच्या घडीत ठेवला होता. पहारेकरी कापडं शोधत होता, कागद त्याला दिसला नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी वाट बघितली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला की खिडकीवालीच्या कागदाचं त्यांनी विचारलं, पण त्यांची बदली दुसऱ्या विभागात केली आहे. मग मी ठरवलं, तिला निदान आपण सांगू. आज दुपारी लंगोट वाळत घातले, बाळ शेजारणीकडे दिलं, टिचकीला घेतलं आणि छत्रीवाल्याचं दुकान शोधत निघाले.

दुकानामागे एकच खोली. छताला उलट्या टांगलेल्या छत्र्या, वटवाघळांसारख्या. खिडकीवाली खाली बसून छत्रीच्या कापडाला टाके घालत होती. दूध आटावं म्हणून छातीवर घट्ट फडकं बांधलेलं. मला बघून उठली आणि आधी टिचकीला बसायला जागा केली.

"बाळ कसंय, ताई?"

"बरंय." हा शब्द माझ्या तोंडून निघता निघेना.

"मला सांगितलं मोठ्या डॉक्टरांनी, पुन्हा होऊ द्यायचं नाही म्हणून. माझ्या रक्तात आहे. पुढचंही असंच जाईल." ती सरळ आवाजात सांगत होती, पाठ केल्यासारखं. "हे तेव्हापासून दुकानात झोपतात. रागाने नाही हो. घाबरतात."

मी तिला सगळं सांगितलं. शिक्का, शाई, तेल, ओठ, धोबीखान्याचा हुकूम, सगळं. टिपकागद काढून तिच्यापुढे ठेवला. थेंब आता वाळले होते, माझाही पहिल्यासारखा लाल राहिला नव्हता, पण त्या दिवशी तो कसा दिसत होता आणि बाळाचा कसा, ते सांगितलं. तिने कागद जवळ ओढला.

"म्हणजे माझं रक्त?"

मी काही बोलायच्या आत तिने शिवायची सुई उचलली, बोटात खुपसली आणि त्या तीन थेंबांच्या शेजारी बोट दाबलं. थेंब टचकन उमटला. ती तो कागद उचलून दुकानाच्या दारापर्यंत, उजेडात घेऊन गेली.

"लाल आहे ताई," ती म्हणाली. "बघा ना. लालच आहे."

तिचा नवरा हातातली छत्री अर्धी उघडी ठेवून बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण ती रडायला लागली तेव्हा तो उठून आला. मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मग त्यांनी तिला तसं का सांगितलं?" मी म्हटलं, शाईपेक्षा ते सोपं होतं. सोमवारी आम्ही तिघं तिच्या कागदासाठी कचेरीत जायचं ठरवलं. कागद बदलेपर्यंत उठायचं नाही. धोबीखान्यातल्या मावशीलाही बोलवायचं. बाबा आधीच म्हणालेत, ते एक दिवसाची रजा टाकून येतील आणि या वेळी मान खाली घालणार नाहीत.

निघताना खिडकीवालीने माझा हात धरला. "वॉर्डात तुम्हीच एक माझ्याशी नीट बोलायचात. तुम्ही वाकून बघितलंत त्याला. म्हणालात, गारठलंय, घट्ट गुंडाळ. आपली दोन दुपटीसुद्धा काढून दिलीत. मी ते विसरणार नाही."

ती हे मनापासून म्हणत होती. मला पायरी दिसेना.

रस्त्यावर ऊन होतं. टिचकी नेहमी दगड मोजत, उड्या मारत चालते. आज माझा हात धरून सरळ चालत होती. दोन वळणं गेली. मग तिने मान वर करून आधी माझ्या ओठांकडे बघितलं, आजोबांसारखंच.

"आई, तू त्या बाळाला वाकून बघितलंस ना?"

"हो."

"मग तुला त्याचे ओठ का नाही दिसले?"